मराठीसाठी लाटेक शिकताय? आधी हे वाचा

लाटेक म्हणजे मजकूर आणि आज्ञा लिहून दिल्या की छपाईसाठी पानं जुळवून देणारी प्रणाली. ती चालवणाऱ्या प्रोग्रामांपैकी पीडीएफलाटेकच्या नादी लागू नका, देवनागरीसाठी थेट झीलाटेक (XeLaTeX) चालवा. फॉन्ट निवडू देणारं फॉन्टस्पेक (fontspec) हे जोड-पॅकेज घ्या आणि फॉन्ट निवडताना स्क्रिप्टच्या (लिपीच्या) पर्यायात देवनागरी (Script=Devanagari) लिहाच. ते राहिलं की जोडाक्षरं सुटी पडतात, ‘कि’ची वेलांटी ‘क’च्या आधी यायची ती नंतर छापली जाते. मी दोन दिवस बिचाऱ्या फॉन्टला शिव्या घालत होतो!

अनुक्रमणिका रिकामी दिसली तर घाबरू नका, झीलाटेकची तीच आज्ञा पुन्हा चालवा. पहिल्या फेरीत पानांचे आकडे फक्त फाइलीत टिपले जातात. चुकांचा पाऊस पडला तर उद्गारचिन्हाने सुरू होणारी पहिली ओळ तेवढी वाचा, बाकीच्या बहुतेक तिचीच पिल्लं. चुकीपाशी प्रोग्राम थांबून अडकलात तर एक्स (X) दाबून एंटर मारा, बाहेर पडाल.