देवरहाटीसाठी निधी मागताय? अर्जात 'सुशोभीकरण' हा शब्द लिहू नका

तुमची पोस्ट वाचली आणि आमच्या गावची २०१६ सालची बैठक डोळ्यांपुढे उभी राहिली. तुमच्यासारखीच तीन-साडेतीन एकर रहाटी (देवाच्या नावाने राखलेलं रान, म्हणजे देवराई), मधे पडायला आलेलं कौलारू देऊळ आणि गावच्या मुंबईकर मंडळाचा 'या शिमग्याला काहीतरी करूनच दाखवायचं' असा उत्साह. 'रहाटीतली वाळकी झाडं द्या, सभामंडप मी फुकट बांधून देतो' म्हणणारा ठेकेदारसुद्धा तसाच. तुमचे प्रश्न दोन आहेत. रहाटी राखायला सरकारी पैसा मिळतो का, आणि चुलतभावाची सॉ मिल आठवड्यातून तीनच दिवस चालते, तिला काही मदत मिळेल का. दोन्हींवर लिहितो. पण ठेकेदाराची ऑफर तुम्ही पोस्टच्या शेवटी सहज म्हणून लिहिली आहे, खरा धोका तिथे आहे.

आधीच सांगतो, मी वकील नाही आणि वनखात्यातही नाही. संगमेश्वर तालुक्यातला चाकरमानी, या एका फायलीमागे सहा वर्षं घालवलेला. सातबारा कसा काढायचा, ग्रामसभेचा ठराव कसा लिहायचा हे तुम्हाला माहीत असणार, ते सोडून देतो. सातबाऱ्यावर कुणाचं नाव आहे तेवढं मात्र पहिल्यांदा बघा आणि जुने फेरफारही काढा. कुठे देवाचं नाव असतं, कुठे महाराष्ट्र शासन, सिंधुदुर्गाकडे काही ठिकाणी देवस्थान समितीचा संबंध येतो. गाव म्हणतं 'आमची', कागद म्हणतो दुसऱ्याची. पुढची सगळी भांडणं तिथूनच निघतात.

आता आमची चूक. 'आमची' म्हणतोय, पण अर्जाचा मसुदा माझा होता. मुंबईत ऑफिसात बसून, चांगल्या मराठीत, मी स्वतः लिहिला. विषय : 'ग्रामदेवता मंदिर व देवराई परिसर विकास व सुशोभीकरण करणेबाबत.' मला वाटलं, देवराई हा शब्द घातला म्हणजे झाडांसाठी पैसे येतील. एका कार्यालयातल्या गृहस्थांनी (कार्यालयाचं नाव घेत नाही, माणूस निवृत्त झाला) सल्ला दिला, 'झाडांसाठी हेडच नाही हो आमच्याकडे. क वर्ग तीर्थक्षेत्रात बसवून टाका, जिल्हा नियोजनातून लगेच मिळेल.' आम्ही खूश. 'लगेच' म्हणजे चौदा महिने. त्यातले नऊ जागा कुणाची या एका मुद्द्यावर, फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर आणि परत. दरवेळी नवीन त्रुटी. एकदा तर त्रुटी अशी निघाली की 'देवराई' ही नोंद सातबाऱ्यावर नाही, सबब तो शब्द वगळून अर्ज फेरसादर करावा. मी वगळला. रहाटी गेली ती त्या दिवशी, झाडं नंतर पडली.

कारण तीर्थक्षेत्राच्या पैशातून होतात त्याच गोष्टी मंजूर झाल्या. सभामंडप, पेव्हर ब्लॉक, संरक्षक भिंत, हायमास्ट दिवा. अंदाजपत्रकात झाडाचा उल्लेख एकाच ठिकाणी होता, 'अडथळा ठरणारी झाडे काढणे'. मंजुरी आली जानेवारीत आणि ३१ मार्चच्या आत खर्च दाखवायचा होता. जेसीबी आत यायला वाट हवी म्हणून पायवाटेचा रस्ता झाला. ठेकेदार म्हणाला, सात झाडं, तीही वाळलेली. मी त्या आठवड्यात मुंबईत होतो. शनिवारी रात्रीच्या गाडीने पोचलो तेव्हा बुंधे मोजले, एकोणीस. त्यात देवळामागचा पोकळ बेहडा होता. त्याच्या ढोलीत दरवर्षी गरुडाची मादी स्वतःला लिंपून घेऊन अंडी उबवायची. (आमच्याकडे गरुड म्हणजे धनेश, शहरातल्यांनी गोंधळू नये.) ठेकेदाराच्या हिशेबी तो बेहडा 'पोकळ, निरुपयोगी'. गुरवाने कौल लावायला सांगितलं होतं, तर बैठकीत हसले लोक. पूर्वी आमच्याकडे रहाटीतली पडलेली फांदीसुद्धा कौल घेतल्याशिवाय कुणी घरी नेत नसे, आणि नेली तरी देवीच्याच कामाला.

म्हणून तुमच्या ठेकेदाराबद्दल स्पष्ट सांगतो : नाही म्हणा. भावना बाजूला ठेवा, कायद्यानेसुद्धा तो तुम्हाला खड्ड्यात घालतोय. खासगी जमिनीतल्या आंबा, फणस, ऐन, किंजळ वगैरे अनुसूचित झाडांना १९६४ च्या झाडे तोडण्याच्या कायद्याखाली वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, एवढं कोकणात सगळ्यांना पाठ असतं. रहाटीचं प्रकरण त्याहून पुढचं आहे. १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन प्रकरणातल्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मालकी कुणाचीही असो, शब्दकोशातल्या अर्थाने जे जंगल ते जंगल. शेकडो वर्षांची रहाटी त्या अर्थात बसत नाही असं कोण म्हणेल? 'वाळकी' म्हटल्याने सुटका होत नाही. उद्या कुणी तक्रार केली तर ठेकेदार ट्रक घेऊन गेलेला असेल आणि ठरावावर सह्या तुमच्या मानकऱ्यांच्या.

आता पैसा. सरकारकडे जुनं रान राखायचा पैसा आहे, पण तो थोडा असतो आणि सिमेंटच्या पैशासारखा धावत येत नाही. मला सगळ्यात बरी वाटलेली वाट जैवविविधता कायद्याची, २००२ च्या. ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती कागदावर तरी असतेच, बहुतेक सदस्यांना आपण सदस्य आहोत हे ठाऊक नसतं. ती जागी करा. लोक जैवविविधता नोंदवहीत रहाटीची स्वतंत्र नोंद करा, झाडागणिक. या कायद्यात स्थानिक जैवविविधता निधीची सोय आहे आणि एखादी जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर करण्याचीही. प्रस्ताव नागपूरच्या राज्य जैवविविधता मंडळाकडे जातो, घोषणा राज्य सरकार करतं. 'एवढीशी रहाटी कोण घेतंय' असं वाटत असेल तर दोडामार्गातलं हेवाळे-बांबर्डे बघा. तिथल्या रानजायफळाच्या दलदलीच्या जंगलाला २०२१ साली हा दर्जा मिळाला, क्षेत्र जेमतेम अडीच हेक्टर. गडचिरोलीतलं 'ग्लोरी ऑफ अल्लापल्ली' २०१४ चं, सहा हेक्टरचं. तिथली गंमत अशी की जुना साग राखलाय तोही अल्लापल्लीत, आणि सरकारी लाकूड डेपोसाठी नावाजलेलं गावही तेच. एका हाताने राखायचं, दुसऱ्या हाताने विकायचं. वनविकास महामंडळ १९७४ साली निघालं ते कमी किमतीचं मिश्र जंगल काढून तिथे साग लावायच्या कल्पनेवर. सरकारी हिशेबात शंभर वर्षांच्या बेहड्याला 'कमी किमतीचा' म्हणतात, हे एकदा कळलं की कार्यालयातली भाषा समजायला लागते. असो, यावर लिहायला लागलो तर रात्र जाईल.

दुसरी वाट वन्यजीव कायद्यातली. सरकारी जमीन असेल तर संवर्धन राखीव, गावाची किंवा खासगी असेल तर समुदाय राखीव. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानच्या ओरणांबाबत (तिथल्या देवराया) निकाल देताना ती नकाशावर आणून समुदाय राखीव करायला सांगितलं, आणि देशभरच्या देवरायांसाठी केंद्राने धोरण आखावं अशी शिफारसही केली. तो निकाल अर्जाला जोडा, वजन येतं. पण एक लक्षात ठेवा, समुदाय राखीव झाल्यावर जमिनीचा वापर बदलायचा तर त्या राखीवाच्या व्यवस्थापन समितीचा ठराव आणि सरकारची मंजुरी दोन्ही लागतं. उद्या देवळामागे संडास बांधायचा म्हटलं तरी. गावाला हे आधी नीट सांगा, नंतर कळलं तर तुमच्या नावाने शिमगा. माझं वैयक्तिक मत वारसा स्थळाच्या बाजूने आहे, कारण किल्ली पंचायतीच्या जवळपास राहते. कुणाचं उलट मत असेल, मान्य.

आणि मागताना काय मागायचं? गडगा (दगडी कुंपण) दुरुस्ती, जांभ्या दगडाचा, सिमेंटशिवाय. जानेवारी ते मे वणव्यासाठी जाळरेषा (आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा) आणि एक राखणदार. झऱ्याची साफसफाई. झाडांची मोजणी आणि क्रमांक. बस्स. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता. रहाटीतल्या झऱ्यावर वाडीची नळयोजना असेल तर झऱ्याचं काम पाण्याच्या नावाने मागता येतं का ते ग्रामसेवकाला विचारा. आमच्याकडे हे नंतर सुचलं आणि तेवढं एक काम धड झालं. कोण मंजूर करेल आणि कोण नाही हे माणसावर आहे, माझ्या नावाने बोल लावू नका.

लागवड मात्र मागू नका, कुणी फुकट दिली तरी. २०१९ च्या ३३ कोटी वृक्ष लागवडीच्या धामधुमीत आमच्या उरलेल्या रहाटीत खड्डे खणायला माणसं आली होती, सुरंगी आणि सातविणीची आपसूक उगवलेली रोपं तुडवत. त्यांच्या टेम्पोत ऑस्ट्रेलियन बाभूळ आणि गिरिपुष्प. त्या दिवशी मी गावातच होतो, हाकलून दिलं. रहाटीत झाड लावावं लागत नाही. गुरं आणि आग बाहेर ठेवली की तेवढ्यावर ते रान आपलं आपण उभं राहतं.

आता चुलतभावाची गिरण. इथे मी इतरांहून थोडा वेगळा विचार करतो. बरेच निसर्गप्रेमी सॉ मिल म्हटलं की नाक मुरडतात. मी नाही मुरडत. माझे मामा आयुष्यभर आंब्याची खोकी बनवून जगले. पुढे पुठ्ठ्याच्या पेट्या आल्या आणि तो धंदा बसला, जंगल राखल्यामुळे नाही. भावाला पहिलं सांगा की परवाना जपा, नूतनीकरण चुकवू नका. २००२ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या समितीला विचारल्याशिवाय नवीन परवाना निघत नव्हता, २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनंतर ते काम राज्यस्तरीय समितीकडे आलं, तरी सहज काहीच मिळत नाही. धंदा मंद असला तरी परवान्याला किंमत आहे.

मदत म्हणाल तर गिरणीला थेट अनुदान मला तरी मिळालेलं माहीत नाही. पण घरात कुणी सुतारकाम करत असेल तर केंद्राची कारागिरांसाठीची पीएम विश्वकर्मा योजना आहे, सप्टेंबर २०२३ पासून. अठरा व्यवसायांत सुतार आहे. अवजारांसाठी १५,००० रुपये, आणि ५ टक्के व्याजाने आधी एक लाख, ते फेडलं की दोन लाख कर्ज. एका कुटुंबात (नवरा, बायको, अविवाहित मुलं) एकालाच मिळतं, तेव्हा घरात आधी ठरवून घ्या. चौकटी, फर्निचर असं नवं युनिट काढायचं असेल तर पीएमईजीपी, म्हणजे नव्या उद्योगाला बँक कर्जासोबत अनुदान देणारी केंद्राची योजना, ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ टक्के आणि महिला, मागासवर्गीय वगैरेंना ३५ टक्के अनुदान. वहिनींच्या नावाने केलं तर फरक पडतो. फक्त नावापुरतं करू नका, बँकवाले मुलाखतीत विचारतात. आणि पीएमईजीपी आधी घेतलं तर विश्वकर्माचं दार पाच वर्षं बंद, हा क्रम आमच्या शेजाऱ्याचा चुकला.

ओंडके कुठून आणायचे? रहाटीतून नक्कीच नाही. तीन एकरांतून किती निघणार, गिरणीला एका हंगामाचा माल, आणि पुन्हा तेवढं जाड लाकूड व्हायला तीन पिढ्या. त्यापेक्षा मोहर न येणारा रायवळ आंबा, जुना फणस, आणि सामाजिक वनीकरणाने रस्तोरस्ती लावून ठेवलेली ती ऑस्ट्रेलियन बाभूळ, परवानगी काढून. ती चिरायला त्रास देते, पण वाळवली तर चौकटीला चालते. बांधावर माणगा बांबू लावा. २०१७ च्या दुरुस्तीने जंगलाबाहेरचा बांबू कायद्यात झाड राहिलेला नाही, कुडाळकडे लोक त्यावर बऱ्यापैकी कमावतात. हे गिरणीचं लाकूड नव्हे हे मला कळतं, पण बांबूच्या कामात चिरकाम, कातकाम, विक्री सगळं आहे आणि भावाकडे मशीन चालवणारी माणसं आहेत.

देवळाचं राहिलं. कौलं बदला, वासे बदला, मंडळाची वर्गणी तेवढ्याला पुरेल. आमचा सभामंडप आता आठ वर्षांचा झाला. मे महिन्यात पत्र्याखाली कुणी बसत नाही, पालखीच्या दिवशीही माणसं उरलेल्या किंजळीच्या सावलीला जाऊन उभी राहतात. हायमास्ट दोन वर्षं बंद आहे, बिल कुणी भरायचं यावरून. गरुडाची जोडी पलीकडच्या वाडीतल्या सातविणीवर दिसते म्हणतात, मी अजून पाहिली नाही.

तुमची ग्रामसभा २६ जानेवारीला असेल तर त्याआधी रहाटीतली झाडं मोजून घ्या. दोन पोरं, एक गुरव, चुना आणि वही. बुंध्याचा घेर छातीच्या उंचीला दोरीने मोजायचा, पोकळ आणि वाळकी झाडंसुद्धा धरायची, ती आधी. प्रत्येकाचा फोटो, फोटोत आकडा दिसेल असा. आमच्याकडे ही वही असती तर सात आणि एकोणीस मधला फरक मला कागदावर दाखवता आला असता. सातबारा आणि फेरफाराचे फोटो नावं झाकून इथे टाका, रविवारी निवांत बघतो.