४ वर्षांचा मुलगा बोलत नाही, फिट येतात, तोल जातो: सोलापुरात सगळी तपासणी एकत्र कुठे होईल?

सिव्हिलच्या बालरोग ओपीडीपासून सुरुवात करा आणि तिथून डीईआयसीसाठी, म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रासाठी, चिठ्ठी मागा. अंगणवाडीत येणारं आरबीएसकेचं, म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं, पथकही तिथे पाठवू शकतं; ही योजना १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे आणि मोफत आहे.

क्रम मात्र सोडू नका: आधी कान आणि डोळे, मग बुद्ध्यांक. ऐकू न येणारं मूल सूचना पाळत नाही आणि गुण विनाकारण कमी लागतात. कानाची बेरा तपासणी मूल झोपलेलं असताना होते, म्हणून त्या दिवशी त्याला लवकर उठवा आणि बसमध्ये झोपू देऊ नका. ईईजीच्या, म्हणजे मेंदूच्या विद्युत लहरींच्या तपासणीच्या, आदल्या रात्री डोकं धुवा, तेल अजिबात नको, इलेक्ट्रोड नीट चिकटत नाहीत. फिटचं औषध मनाने बंद करू नका. सोबत हे न्या:

- जन्माच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड (बाळ लगेच रडलं का, पेटीत ठेवलं होतं का)
- फिटचा मोबाईलवरचा व्हिडिओ. तोंडी वर्णनापेक्षा डॉक्टरांना याचा फार उपयोग होतो
- लसीकरण कार्ड, जुने रिपोर्ट

गाडी अडते ती इथे: प्रत्येक विभागाचा कागद वेगळा राहतो. शेवटी बालरोगतज्ज्ञांकडून एकत्रित निष्कर्ष आणि थेरपीचा आराखडा लिहूनच घ्या. यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र, म्हणजे ही तपासणी नव्हे; त्यात फक्त दिव्यांगत्वाचा प्रकार आणि टक्केवारी असते, आणि ५ वर्षांखालील मुलांना ते बहुधा तात्पुरतंच मिळतं.