भाच्याला मोठ्या कोर्टात नेतील का?

ताई, तुमचा भाचा १७ वर्षांचा. जत्रेतल्या भांडणात चाकू चालला, समोरचा पोरगा धुळ्याला दवाखान्यात आहे, कलम खुनाच्या प्रयत्नाचं लागलंय आणि घरचे म्हणताहेत की आता जन्मठेपच. धीर धरा. आज तरी तसं नाही.

मी १४ वर्षं खान्देशात बाल न्याय मंडळापुढे मुलांच्या केसेस चालवतोय. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानं १६ ते १८ वयाच्या मुलावर मोठ्यांसारखा खटला चालवायची वाट उघडली, पण ती ज्या गुन्ह्याला किमान शिक्षाच ७ वर्षं किंवा जास्त आहे, त्याच्यापुरती. खुनाच्या प्रयत्नाला शिक्षा जन्मठेपेपर्यंत आहे, किमान मात्र ठरलेली नाही. असे गुन्हे या वाटेत बसत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्येच सांगितलंय.

जखमी दगावला आणि खुनाचं कलम लागलं, तर मात्र गोष्ट बदलते. तेव्हा मोठ्यांसारखा खटला चालवायचा का, हे ठरवायला मंडळ आधी प्राथमिक मूल्यांकन करतं: मुलाची मानसिक-शारीरिक कुवत, परिणामांची समज, घटना कशात घडली. गुन्हा केला की नाही, हे तिथं ठरत नाही. तरी पोराचं पुढचं आयुष्य मला तिथंच ठरताना दिसतं, आणि नेमके तिथंच नातेवाईक गाफील असतात. केस मंडळाकडून पुढे बाल न्यायालयात गेलीच, तर मोठ्यांसारखा खटला हवा का, याचा ते न्यायालय पुन्हा विचार करतं. फाशी किंवा सुटकेची आशाच नसलेली जन्मठेप देता येत नाही.

वयाचं बघा. घटनेच्या दिवशीचं वय धरतात. आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं सर्टिफिकेट, ते नसेल तर ग्रामपंचायतीचा दाखला, हाडांची तपासणी अगदी शेवटी. आपल्याकडे गुरुजींनी कित्येकांची तारीख १ जून टाकलीय. एका पोराला त्या १ जूननं १६ च्या पुढे ढकललं. आई सांगत राहिली की तो दिवाळीनंतरचा, पण कागद शाळेचा होता. मला ते अजून सलतं.

परिविक्षा अधिकारी, म्हणजे मुलाची माहिती काढून मंडळाला अहवाल देणारा माणूस, घरी येईल, गावात विचारेल. शेजारी 'पोऱ्या गुंडा शे' म्हणाले, तर ते अहवालात उतरतं. त्याला ओळखणाऱ्या शिक्षकांना, शेतमालकाला बोलतं करा. वकिलाची ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण फुकट देतं. व्हॉट्सअ‍ॅपवर त्याचा फोटो फिरत असेल तर थांबवा. मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे.

उद्या शाळा उघडली की आधी दाखला काढा.