पाणी उकळूनही बाळाला जुलाब का होतात?

प्रश्न : आमचं बाळ दहा महिन्यांचं आहे. पावसाळा लागल्यापासून त्याला तीनदा जुलाब झाले. पाणी उकळूनच देतो. वरचं दूध बाटलीने पाजतो, सकाळी शिजवलेला मऊ भात दुपारी आणि संध्याकाळी भरवतो. सासूबाई म्हणतात, दात येताहेत म्हणून होतंय. खरं का? – एक आई, जि. सातारा

उत्तर : दातांमुळे जुलाब होत नाहीत. पण वय तेच असतं. सहा महिन्यांनंतर आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरते, वरचं खाणं सुरू होतं, बाळ रांगतं आणि हिरड्या शिवशिवतात म्हणून हाताला लागेल ते तोंडात घालतं. जंतू त्या वाटेने पोटात जातात.

पाणी उकळता हे उत्तमच. तुमच्या पत्रात आम्हाला खटकली ती बाटली. निपलच्या आत आणि झाकणाच्या आट्यांमध्ये दुधाचा पातळ थर राहतो, नुसतं विसळून तो निघत नाही. दमट हवेत त्यात जंतू भराभर वाढतात आणि तापवलेलं दूध आपण त्यातच ओततो. बाटली बंदच करा, वाटी-चमचा वापरा. बोंडलंही नको, त्याची चोच आतून घासता येत नाही. अंगावरचं दूध येत असेल तर दोन वर्षांपर्यंत पाजा, जुलाब चालू असतानाही.

दुसरं कारण तो सकाळचा भात. शिजवल्यावरही तांदळातल्या एका जातीच्या जंतूचे बीजाणू टिकून राहतात. भात कोमट पडून राहिला की ते वाढतात, आणि त्यांचं एक विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. म्हणून एका वेळेपुरताच शिजवा. उरलेला मोठ्यांनी लगेच संपवावा.

उकळलेल्या पाण्यात हात बुडवून पेला भरू नका, लांब दांड्याचं ओगराळं ठेवा. बाळाची शी निरुपद्रवी समजून गटारात टाकली जाते. तिच्यातून मोठ्यांच्या शीइतकाच संसर्ग पसरतो. ती संडासातच टाका. दुपटी धुता त्या मोरीत भांडी घासू नका. शी धुतल्यावर आणि भरवण्याआधी साबणाने हात धुवा, बाळाचेही.

लसीकरणाचं कार्ड काढून बघा. रोटाव्हायरस या जुलाब लावणाऱ्या विषाणूवरच्या लसीचे थेंब ६, १० आणि १४ आठवड्यांना मिळतात. राहून गेले असतील तर वर्ष पूर्ण व्हायच्या आत आरोग्य केंद्रात विचारा. गोवराची लस आणि अ जीवनसत्त्वाचा डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावरचा. गोवरानंतर जुलाब जास्त होतात आणि जिवावर बेततात.

पुन्हा जुलाब लागले तर ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण विरघळवा. अर्धं पाकीट अंदाजाने टाकू नका, मीठ कमी-जास्त होतं. दर जुलाबानंतर ५० ते १०० मिली चमच्याने द्या. २४ तासांनी उरलेलं ओतून टाका. सोबत डॉक्टरांच्या सल्ल्याने झिंक, रोज २० मिलिग्रॅम, पूर्ण १४ दिवस. जुलाब थांबले तरी मधेच सोडू नका. शीतून रक्त, खोल गेलेले डोळे, सुस्ती, सतत उलट्या किंवा बाळ काहीच पीत नसेल, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा.