‘केंद्रबिंदू’तला बिंदू आणि ‘केंद्रा’चा प्रवास

भारत आणि ग्रीस यांच्या प्राचीन संबंधांवर लेख लिहिणाऱ्या एका वाचकाने असे विचारले आहे: “‘तक्षशिला हा या सांस्कृतिक देवाणघेवाणीचा केंद्रबिंदू होता’ असे वाक्य मी लिहिले. लेख तपासणाऱ्या स्नेह्याने ‘बिंदू’ खोडला. दुसऱ्याने सांगितले की, ‘केंद्र’ हा शुद्ध संस्कृत शब्द असल्यामुळे त्याला काही जोडूही नये आणि त्यातून काही काढूही नये. यांपैकी कोणाचे ऐकावे?”

बिंदू खोडणाऱ्याचे ऐकावे. केंद्र हा मुळातच बिंदू आहे. भूमितीच्या पुस्तकात कधी स्पष्टतेसाठी ‘केंद्रबिंदू’ लिहावे लागले तर ते समजण्यासारखे आहे. परंतु प्रत्येक चर्चेचा, वादाचा आणि समारंभाचा ‘मुख्य केंद्रबिंदू’ ठरवण्याची जी सवय लेखनात आणि भाषणांत पसरली आहे, तिच्यात एकच गोष्ट तीनदा सांगितली जाते आणि तिन्ही वेळा ती अधिक पुसट होते. मतदान केंद्र, संशोधन केंद्र, केंद्र सरकार हे अर्थ सर्वांना ठाऊक आहेत. त्यांवर वेळ घालवण्याचे कारण नाही. मला बोलायचे आहे ते ‘शुद्ध संस्कृत’ या दाव्याविषयी, कारण तो मी फार वेळा ऐकला आहे आणि तो साफ चुकीचा आहे.

‘केंद्र’ हा ग्रीक ‘केंत्रोन’ आहे. ग्रीक भाषेत टोचणे या अर्थाचा जो धातू आहे, त्यापासून हे नाम बनले. होमरच्या ‘इलियड’मध्ये रथाचे घोडे हाकण्याच्या टोकदार काठीला हाच शब्द आला आहे, आपला शेतकरी बैलाला टोचण्यासाठी जी पराणी वापरतो, तीच ही वस्तू. पुढे वर्तुळ काढताना कंपासाचा जो अणकुचीदार पाय एका जागी रोवला जातो त्याला, आणि मग त्या पायाने टोचलेल्या ठिकाणाला हे नाव मिळाले. लॅटिनमध्ये तो ‘सेंत्रुम’ झाला आणि तेथून युरोपच्या इतर भाषांत गेला. म्हणजे ‘सेंटर’ हा परका आणि ‘केंद्र’ हा आपला, असा जो भेद केला जातो त्याला आधार नाही. दोन्ही शब्द एकाच आईची लेकरे आहेत. एक रोममार्गे फिरून एकोणिसाव्या शतकाच्या आसपास आपल्याकडे आले, तर दुसरे त्याच्या कितीतरी शतके आधी थेट आले आणि इथेच वाढले.

ते आले तेव्हा वर्तुळाचा मध्य हा अर्थ घेऊन आले नव्हते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. वर्तुळाच्या मध्यासाठी संस्कृतात ‘मध्य’ आणि ‘नाभि’ असे शब्द होतेच. ‘केंद्र’ आला तो ज्योतिषाबरोबर. कुंडलीत पहिले, चौथे, सातवे आणि दहावे अशी चार केंद्रस्थाने असतात, आणि या चार स्थानांना ग्रीक ज्योतिषीही हेच नाव देत. त्यांच्या पुढची चार स्थाने म्हणजे ‘पणफर’, ग्रीक ‘एपानाफोरा’. उरलेली चार ‘आपोक्लिम’, ग्रीक ‘आपोक्लिमा’. होरा (राशीचा अर्धा भाग), लिप्ता (अंशाची कला), द्रेष्काण (राशीचा तिसरा भाग) हे त्याच घराण्यातले शब्द. सहाव्या शतकातील ज्योतिषी वराहमिहिर याच्या ‘बृहज्जातका’त ते सहज वावरतात, आणि यवन, म्हणजे ग्रीक, हे म्लेच्छ असले तरी हे शास्त्र त्यांच्याकडे उत्तम प्रकारे नांदते, म्हणून तेही ऋषींप्रमाणे पूजनीय आहेत, असे ‘बृहत्संहिते’त वराहमिहिर स्वतः सांगतो. ज्याने हे शब्द वापरले त्याला त्यांचे मूळ मान्य करण्यात कमीपणा वाटला नाही. मग आज आपण त्याच्या वतीने नाकारणारे कोण?

गणितज्ञांनी तर हा शब्द याहून पुढे नेला. ग्रहाचे मध्यम म्हणजे सरासरी गतीने येणारे स्थान आणि त्याचे मंदोच्च, म्हणजे त्याच्या कक्षेतले सर्वांत दूरचे टोक, यांतील अंतराला ‘सूर्यसिद्धांता’च्या परंपरेत मंदकेंद्र म्हणतात. येथे केंद्र हा मध्य नव्हे आणि बिंदूही नव्हे. ते एक कोनीय अंतर आहे. उसना घेतलेला शब्द स्वतःच्या गरजेनुसार इतका वाकवता येणे याला मी भाषेचे सामर्थ्य मानतो.

आता ज्या शब्दासाठी मी हे उत्तर लिहायला घेतले, त्याकडे वळतो. कालिदासाच्या ‘कुमारसंभवा’चा सातवा सर्ग शिवपार्वतीच्या विवाहाचा आहे. त्याच्या पहिल्याच श्लोकात हिमालय आपल्या कन्येच्या विवाहविधीला आरंभ करतो तो शुक्लपक्षातल्या ‘जामित्रगुणान्वित’ तिथीला. जामित्र म्हणजे कुंडलीत लग्नापासून, म्हणजे पहिल्या स्थानापासून, सातवे स्थान, विवाहाचे आणि जोडीदाराचे स्थान. ‘जामि’ म्हणजे बहीण किंवा नात्यातली स्त्री या वैदिक शब्दाशी त्याची सांगड घालण्याचा मोह होतो, आणि ‘जाया’ व ‘मित्र’ यांचा तो संधी आहे असेही मला एकदा ठासून सांगण्यात आले. दोन्ही व्युत्पत्त्या मनोहर आहेत आणि दोन्ही टिकत नाहीत. जामित्र हा ग्रीक ‘दियामेत्रोस’ आहे, म्हणजे व्यास. पहिल्या स्थानापासून सातवे स्थान वर्तुळात बरोबर समोर, व्यासाच्या दुसऱ्या टोकाला येते, म्हणून त्याचे हे नाव. हिमालयाच्या घरी, सप्तर्षींनी घातलेल्या मागणीनंतर, जगन्माता-जगत्पित्याच्या लग्नाचा मुहूर्त ठरतो तो ग्रीक भूमितीतल्या शब्दाने, आणि कालिदासाला तो श्लोकात कोठेही खटकत नाही! दोन दूरच्या संस्कृतींच्या मैत्रीचा याहून सुंदर पुरावा मला ठाऊक नाही.

या शब्दाचा पहिला वर्ण मला सर्वांत मोलाचा वाटतो. ‘दिया’चा ‘जा’ कसा झाला? प्राकृतात ‘द्य’चा ‘ज्ज’ होतो आणि शब्दारंभी नुसता ‘ज’ उरतो. ‘अद्य’चा ‘अज्ज’ आणि त्यापासून आपला ‘आज’, ‘विद्युत्’चा ‘विज्जु’ आणि त्यापासून आपली ‘वीज’. ‘दियामेत्रोस’ घाईने उच्चारला की ‘द्यामेत्र’ होतो आणि प्राकृत बोलणाऱ्याच्या तोंडी तो ‘जामित्र’ होणारच. एखाद्या पंडिताने ग्रीक पोथी समोर ठेवून लिप्यंतर केले असते, तर त्याने ‘द्यामित्र’ किंवा ‘दियमेत्र’ लिहिले असते. म्हणून माझे मत असे आहे की, हे शब्द पोथीतून पोथीत उतरलेले नाहीत; ते बोलणाऱ्याकडून ऐकणाऱ्याकडे गेले, काही काळ प्राकृतात मुरले आणि मग संस्कृत ग्रंथांत चढले. ‘केंद्र’ही हेच सांगतो. ‘न्त’चा ‘न्द’ होणे ही शौरसेनी प्राकृताची ओळखीची खूण आहे; ‘अन्तःपुर’चा ‘अन्देउर’ आणि ‘निश्चिन्त’चा ‘णिच्चिन्द’ ही उदाहरणे बाराव्या शतकातील वैयाकरण हेमचंद्राने आपल्या व्याकरणात दिली आहेत. त्याच न्यायाने ‘केंत्र’चा ‘केंद्र’.

यावर आक्षेप असा घेतला जातो की, ग्रीक बोलण्यातच पुढे अनुनासिकानंतरचा ‘त’ मृदू झाला, आजचा ग्रीक माणूसही ‘केंद्रो’ असेच म्हणतो, तेव्हा प्राकृताला मध्ये आणण्याची गरज नाही. ‘केंद्र’ हा एकच शब्द असता तर हा आक्षेप मी विचारात घेतला असता. परंतु ‘जामित्रा’तला ‘ज’ ग्रीक उच्चारातून कसा निघतो, हे आक्षेप घेणारे सांगत नाहीत. दोन शब्दांपैकी सोयीचा एक उचलून सिद्धांत मांडणे ही व्युत्पत्तीची रीत नव्हे.

शब्द तोंडातून तोंडात गेले असतील, तर ते जेथे माणसे रोज भेटत होती तेथेच गेले असणार. येथे माझा तक्षशिलेबाबत मतभेद सुरू होतो. ग्रीक म्हटले की आपल्याला सिकंदर आणि वायव्येकडील खिंडी आठवतात. परंतु ज्योतिषाचे हे शब्द सैन्याबरोबर नव्हे, तर व्यापाराबरोबर, समुद्रमार्गे आले असावेत, असे मला ठामपणे वाटते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी वाटाड्यात भडोच बंदराचे सविस्तर वर्णन आहे. उज्जयिनीहून तेथे रत्नखडे आणि मलमल येई, पैठण आणि तेर येथून तोच माल गाड्यांतून उतरे, आणि कल्याणचाही उल्लेख त्यात आहे. कार्ले, जुन्नर आणि नाशिक येथील लेण्यांत स्वतःला यवन म्हणवणाऱ्या दात्यांचे लेख आहेत आणि ते प्राकृतात आहेत: कार्ल्याला स्तंभाचे दान, जुन्नरला पाण्याच्या पोढी म्हणजे टाकी आणि भोजनमंडप. यवन मंडळी येथे प्राकृतात आपली दाने नोंदवत होती, याहून अधिक काय हवे?

या मार्गाचा आणखी एक पुरावा वराहमिहिरानेच ठेवला आहे. ‘पंचसिद्धांतिके’त त्याने यवनपूर, म्हणजे इजिप्तमधील अलेक्झांड्रिया, आणि उज्जयिनी यांच्या स्थानिक वेळेतील फरक ७⅓ नाड्या दिला आहे, तर यवनपूर आणि वाराणसी यांच्यातील ९ नाड्या. एक नाडी म्हणजे २४ मिनिटे, म्हणजेच रेखांशाचे ६ अंश. त्यावरून उज्जयिनीचे अंतर ४४ अंश आणि वाराणसीचे ५४ अंश येते. आजच्या मापाने ही अंतरे सुमारे ४६ आणि ५३ अंश आहेत. मध्ये अख्खा अरबी समुद्र असताना, एखाद्या भरवशाच्या घड्याळाशिवाय काढलेले हे अंतर आहे! हे मोजणाऱ्या लोकांचे एकमेकांशी येणे-जाणे किती निकटचे असेल, याची कल्पना करता येते.

येथे एका दुसऱ्या टोकाच्या मंडळींनाही थांबवले पाहिजे. काही ग्रीक शब्द सापडले की सगळे भारतीय शास्त्र ग्रीकांचे, असे मानणारे विद्वान एकोणिसाव्या शतकात होते. जर्मन संस्कृतपंडित आल्ब्रेख्त वेबर यांची मजल तर रामायणावर होमरची छाया असल्याचे सुचवण्यापर्यंत गेली, आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी १८७३ मध्ये त्यांना सडेतोड उत्तर दिले. तेलंगांचा अभिमान मलाही आहे; पण त्यांच्या त्या उत्तरासाठी ‘केंद्रा’चे मूळ लपवावे लागत नाही. ‘ज्या’ हा त्रिकोणमितीतला शब्द येथून ‘जीवा’च्या रूपाने अरबीत गेला, तेथे त्याचे वाचन ‘जैब’ म्हणजे खिसा किंवा वस्त्राची घडी असे झाले आणि त्याचे लॅटिन भाषांतर ‘सिनुस’ होऊन आजचा ‘साइन’ झाला. पिप्पलीचा ग्रीकात ‘पेपेरी’ झाला, शर्करेचा ‘साक्खारी’. माल आणि शब्द दोन्ही दिशांनी जात होते.

त्याच ओघात ‘कोन’ हा शब्दही मी ग्रीक ‘गोनिया’शी जोडतो. यावर एकमत नाही, आणि ‘कोन’ मूळचाच भारतीय मानणारे कोशकार आहेत. पण यज्ञवेदींची मापे सांगणाऱ्या प्राचीन शुल्बसूत्रांत त्रिकोणाकृतीला ‘प्रउग’ म्हटले आहे, आर्यभट ‘त्रिभुज’ म्हणतो, आणि ‘त्रिकोण’ ठळकपणे दिसतो तो कुंडलीतल्या पाचव्या-नवव्या स्थानांसाठी, म्हणजे पुन्हा त्या ग्रीक शब्दांच्या मेळ्यातच. ग्रीक ज्योतिषीही या स्थानांच्या परस्परसंबंधाला ‘त्रिगोनोन’ म्हणत. हा योगायोग मानायला मी तयार नाही.

तेव्हा वाचकांनी आपल्या वाक्यातला बिंदू काढावाच, पण त्याबरोबर तक्षशिलाही काढून पाहावी. ग्रीक राजदूत हेलिओडोरस तक्षशिलेचा होता हे खरे, परंतु त्याने गरुडस्तंभ उभारला तो माळव्यात, विदिशेला. लेखाचा विषय ज्योतिष आणि गणित यांची देवाणघेवाण हा असेल, तर ‘उज्जयिनी हे या देवाणघेवाणीचे केंद्र होते आणि भडोच हे तिचे बंदर’ असे लिहावे.