कण्हेर धरणातल्या बोटीवर फिश फाइंडर कसा बसवावा?

तुमच्याकडे १४ फुटी फायबरची बोट आहे, मागे छोटं आउटबोर्ड इंजिन आहे आणि तुम्ही कण्हेरला गळाने मासे धरता. नवा फिश फाइंडर, म्हणजे पाण्याखालचा तळ आणि मासे पडद्यावर दाखवणारं मशीन, बोट उभी असताना तळ स्वच्छ दाखवतो, पण जरा वेग घेतला की पडदा रेघोट्यांनी भरतो आणि खोलीचा आकडा लुकलुकायला लागतो. बोटीला भोक पाडायला मन धजत नाही म्हणून ट्रान्सड्यूसर (मशीनचा पाण्यात बुडणारा, वायरने जोडलेला भाग) सध्या दोरीने बांधलाय. आता मशीन परत करावं का, असं तुम्ही विचारलंय.

परत करू नका. मी साताऱ्यात फायबरच्या बोटींची दुरुस्ती करतो आणि सुटीला स्वतः गळ टाकतो. अशा तक्रारी माझ्याकडे बऱ्याच येतात आणि मशीन बिघडलेलं क्वचितच असतं. दोष असतो तो ट्रान्सड्यूसरच्या तोंडाशी येणाऱ्या हवेचा.

ट्रान्सड्यूसर पाण्यात आवाजाचा ठोका सोडतो आणि त्याचा प्रतिध्वनी ऐकतो. गोड्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो. १५ मीटर खोल पाण्यात ठोका तळाला लागून परत यायला सेकंदाचा पन्नासावा भाग पुरतो. पाण्यातून हा आवाज छान जातो, पण मध्ये हवा आली की तिथूनच मागे फिरतो. माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीमुळेच तर मासा पडद्यावर उठून दिसतो. तीच हवा बुडबुड्यांच्या रूपाने ट्रान्सड्यूसरच्या तोंडावर आली की मशीन आंधळं होतं. बोट उभी असते तेव्हा बुडबुडे नसतात, म्हणून तुम्हाला तळ दिसतो. तेव्हा बसवायचं सगळं काम बुडबुडे टाळण्याचंच आहे, असं धरून चाला.

आधी जागा शोधा, ड्रिल नंतर हातात घ्या. सोबतच्याला इंजिनचं हँडल द्या, लाइफ जॅकेट घाला आणि बोट चालू असताना मागच्या फळीवरून पाणी बघा. बोटीच्या तळाला उभ्या पट्ट्या असतील तर त्यांच्या मागे फेसाळ पाण्याची धार निघते. पाणी आत-बाहेर करणारी भोकं, स्क्रूची डोकी, आधीच्या दुरुस्तीचे उंचवटे, सगळ्यांच्या मागे तसंच. दोन पट्ट्यांच्या मधे जिथे पाणी गुळगुळीत, काचेसारखं निघतं ती तुमची जागा. पंख्यापासून किमान ३८ सेंटीमीटर लांब राहा. बहुतेक इंजिनांचा पंखा मागून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो. त्याची पाती उजव्या बाजूला खाली जातात आणि डाव्या बाजूला वर येतात, म्हणून ट्रान्सड्यूसर उजवीकडे घ्या, तिथलं पाणी कमी ढवळलेलं असतं. तुमच्या इंजिनचा पंखा उलट फिरत असेल तर बाजूही उलट.

आता भोकांची भीती. ती रास्त आहे. फायबरच्या बोटीच्या मागच्या फळीत बऱ्याचदा आत प्लायवूड असतं. भोकातून पाणी झिरपलं की ते कुजतं, बाहेरून काही कळत नाही आणि एक दिवस इंजिनच हलायला लागतं. म्हणून मी थेट फळीवर ट्रान्सड्यूसर लावतच नाही. भाजी चिरायच्या पाटाचं असतं तसलं जाड पांढरं प्लॅस्टिक घेतो, तळहाताहून थोडं मोठं, आणि तो तुकडा पाण्याच्या पातळीच्या वर पडणाऱ्या दोन स्क्रूंनी फळीवर बसवतो. तुकड्याचं खालचं टोक पाण्याकडे लोंबतं आणि ट्रान्सड्यूसरची पट्टी त्यावर येते. पुढे कितीही वेळा वर-खाली करावं लागलं तरी भोकं प्लॅस्टिकला पडतात, बोटीला नाही. बोट माणसांनी आणि सामानाने भरल्यावर पाणी कुठवर चढतं ते आधी पेन्सिलने आखून घ्या. रिकाम्या बोटीची पातळी धरू नका.

त्या दोन भोकांच्या जागी मास्किंग टेप लावा. ड्रिल सुरुवातीला उलटं फिरवा, म्हणजे वरचा चकचकीत थर तडकत नाही, मग सुलटं. भोकात आणि स्क्रूवर पॉलियुरेथेनचं मरीन सीलंट भरा. खिडक्यांना लावतात ते सिलिकॉन इथे नको. स्क्रू स्टेनलेसचेच हवेत आणि फळीच्या आरपार जाणार नाहीत इतक्या लांबीचे.

उंचीचा मुद्दा इतका महत्त्वाचा आहे की इथे घाई करू नका. फायबरच्या बोटीला ट्रान्सड्यूसरचं तोंड तळाच्या पातळीपेक्षा साधारण ३ मिलिमीटर खाली हवं. पत्र्याच्या बोटीला सुमारे १० मिलिमीटर. तळाला सरळ पट्टी लावून माप घ्या. ट्रान्सड्यूसर वर राहिला तर त्याच्यासमोर बोटीच्या तळाखालचं हवा मिसळलेलं पाणी येतं. फार खाली गेला तर मागे पाण्याचा फवारा उडतो आणि तो फवारा स्वतःच बुडबुडे करतो. तोंड पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर ठेवा, मग वेगात आकडा गेला तर मागची कड अगदी थोडी खाली झुकवा, म्हणजे पुढून येणारं पाणी तोंडावर दाबून वाहतं. तरीही गेला तर ३-३ मिलिमीटरने खाली घ्या. एका वेळी एकच बदल करा आणि प्रत्येक बदलानंतर बोट पाण्यात पळवून बघा. यात अख्खी सकाळ गेली तरी जाऊ द्या.

ट्रान्सड्यूसरच्या पट्टीला मागे उलटणारी बिजागरी असते. ती घट्ट आवळू नका. आपल्या धरणांत जाळी लावलेली असतात, पाणी उतरलं की बाभळीचे बुंधे वर येतात. धडक बसली तर ट्रान्सड्यूसर उलटला पाहिजे, तुटायला नको.

पत्र्याच्या बोटीवाल्यांना: हेच प्लॅस्टिक वापरा, पण पाण्याखालच्या पत्र्याला भोक पाडू नका. ट्रान्सड्यूसर बोटीच्या आतून चिकटवायचा उपायही पत्र्याला चालत नाही. फायबरला चालतो, पण तळ भरीव असला आणि आत फोम किंवा लाकूड नसलं तरच. चिकटवताना इपॉक्सीत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी काम फसतं, शिवाय पाण्याचं तापमान कळत नाही. कण्हेरसारख्या ठिकाणी तापमान हवं, त्यामुळे मी हा मार्ग सुचवणार नाही.

विजेचं सोपं आहे. यूपीएसमध्ये असते ती १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बॅटरी पुरते. पाच इंची मशीन साधारण अर्धा ते एक अँपिअर खातं. अशी बॅटरी अर्ध्याच्या खाली उतरवू नये, म्हणजे पाचेक तास हाती येतात. पॉझिटिव्ह वायरवर बॅटरीजवळ फ्यूज घाला, किती अँपिअरचा ते मशीनच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. बॅटरी झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात ठेवा. सेल्फ-स्टार्टचं इंजिन असेल तरी त्याच्या बॅटरीवरून मशीन चालवू नका आणि ट्रान्सड्यूसरची वायर इंजिनच्या वायरींना बांधून नेऊ नका, त्यानेही पडद्यावर रेघा येतात. खात्री करायची तर इंजिन न्यूट्रलला ठेवून रेस करा. बोट जागेवर असताना रेघा आल्या तर दोष विजेचा, बोट पळतानाच आल्या तर हवेचा. ट्रान्सड्यूसरची वायर जास्त झाली तर गुंडाळून ठेवा, कापू नका.

मशीन सुरू केल्यावर मीटर निवडा, फ्रिक्वेन्सी २०० किलोहर्ट्झ ठेवा. खोक्यावर किती मीटर खोलीचा दावा आहे याला आपल्याकडे अर्थ नाही. जिल्ह्यातलं सगळ्यात उंच कोयना धरणही १०३ मीटरचं आहे आणि गोड्या पाण्यात २०० किलोहर्ट्झ तेवढं सहज बघतं. माशांची चित्रं दाखवणारी सोय बंद करा. फांदी, बुडबुडे, काहीही तिला मासाच वाटतं. कमानी स्वतः वाचायला शिका. बोट माशावरून जाताना अंतर आधी कमी होतं, मग वाढतं, म्हणून कमान उमटते. बोट थांबलेली असली तर तोच मासा लांब आडवी रेघ होऊन दिसतो. पडद्याची उजवी कड म्हणजे आत्ताचा क्षण, बाकी सगळं मागे पडलेलं पाणी.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. २०० किलोहर्ट्झचा झोत साधारण २० अंशांचा असतो, म्हणजे तळाशी दिसणारं वर्तुळ खोलीच्या तिसऱ्या हिश्शाएवढं. १५ मीटरवर पाचेक मीटर रुंद, पण ३ मीटरवर जेमतेम एक मीटर. म्हणून वरच्या थरात चरणारा कटला तुम्हाला फारसा दिसणार नाही, शिवाय बोटीच्या चाहुलीने तो बाजूला सरकतो. मृगळ तळाशी असतो, त्याची कमान तळाच्या रेषेला चिकटते, ती ओळखायला सेन्सिटिव्हिटी थोडी वाढवा. मरळ काठच्या शेवाळात आणि गवतात बसते, तिच्यासाठी हे मशीन कामाचं नाही. डोळे वापरा. उन्हाळ्यात मधल्या खोलीवर धूसर आडवा पट्टा दिसला तर तो वरच्या कोमट आणि खालच्या गार पाण्याची सीमा असू शकतो. खालच्या थरात प्राणवायू कमी पडतो, म्हणून गळ त्या पट्ट्याच्या वर ठेवा.

तळाची रेघ जाड आणि ठळक असेल, खाली दुसरी पुसट रेघ उमटत असेल तर खडक किंवा कडक मुरूम. पातळ, विरळ रेघ म्हणजे गाळ.

पाण्यात उतरण्याआधी परवानगीचं बघा. धरणातल्या मासेमारीचे हक्क बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात, तेव्हा संस्थेला आणि पाटबंधारे खात्याला विचारून घ्या. हीच बोट पुढे शिवसागरला, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयात, न्यायचा विचार असेल तर वन खात्यालाही विचारा. तो भाग कोयना अभयारण्याला लागून आहे आणि अभयारण्य सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतं. आणि पावसाच्या तोंडावर गाभोळी भरलेली मादी गळाला लागली तर सोडून द्या. पडद्यावर कळपच्या कळप दिसत असताना हे अवघड जातं, पण कृपा करून सोडा.

मशीनमध्ये जीपीएस असेल तर मे महिन्यात एक काम नक्की करा. कण्हेर धरण ज्या नदीवर आहे त्या वेण्णेचं पाणी उतरलेलं असतं तेव्हा काठाने चालत फिरा. बुडालेल्या शेतांच्या ताली, विहिरींची कडं, जुन्या वाटा, आंब्याचे बुंधे उघडे पडलेले दिसतात. प्रत्येक जागेवर उभे राहून मशीनमध्ये किंवा मोबाइलमध्ये खूण साठवा. मासा सपाट गाळावर रेंगाळत नाही, आडोशाला थांबतो. पावसाळ्यानंतर धरण भरलं की या खुणांवरून हळू बोट न्या आणि पडद्यावर तालीची पायरी उमटली की तिच्या खालच्या अंगाला गळ सोडा.