कृषी सल्ला : माळ नांगरण्याआधी ओळखा

प्रश्न : आमच्या गायरानात मोठा गवताळ माळ आहे. तिथे चर खोदून ग्लिरिसिडिया लावायचं गावात घाटतंय. पडीक जमीन हिरवी होईल म्हणतात. मेंढरांनाही बंदी करावी का? – एक पशुपालक, ता. करमाळा

उत्तर : दादा, खोदकामाला आधी थांबवा. सातबाऱ्यावर पडीक लिहिलं म्हणून माळ ओसाड ठरत नाही. आपल्या पर्जन्यछायेच्या पट्ट्यातले असे माळ जंगल तुटून झालेले नाहीत, ते मुळातच गवताळ आहेत. १३व्या शतकापासूनच्या मराठी साहित्यात आलेली रानझाडं तपासणारा एक अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातली बरीचशी हिवर-बाभळीसारखी, उघड्या माळाची निघाली. मला तो फार मोलाचा वाटतो. आपला माळ शेकडो वर्षं जुना असल्याचा तो एक दाखला आहे.

तुमचा माळ जुना आहे का, हे पहिल्या पावसानंतर पाहा. पवन्या, मारवेल या गवतांचे जुने थोंब (दाट झुबके) दिसले, मुरमातून रानकांदा, कंदीलपुष्पासारख्या कंदवर्गीय वनस्पती वर आल्या, तर नांगर तिथे कधी फिरलेला नाही असं समजायला हरकत नाही. एकदा नांगरला की कुसळ आणि टाकळा लवकर माजतो. थोंब आणि कंद मात्र अनेक वर्षं परत येत नाहीत. चरांनीही तेच होतं. ग्लिरिसिडिया हिरवळीच्या खताला चांगला, तो शेताच्या बांधावर लावा. माळावर सावली झाली की उन्हात वाढणारं गवत मरतं. उघड्यावर राहणारी चिंकारा हरणं आणि धाविक, चंडोलासारखे पक्षी अशा जागेतून निघून जातात. सोलापूरजवळ नान्नजला माळढोकासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झालं. आज तिथे तो पक्षी क्वचितच दिसतो. वेडी बाभूळ (बाहेरून आलेलं, झपाट्याने पसरणारं काटेरी झाड) शिरली असेल तर ती मात्र मुळासकट काढा.

मेंढरांना सरसकट बंदी नको. धनगरांचे वाडे (मेंढरांसह फिरते तळ) या माळावर पिढ्यान्‌पिढ्या येतात आणि शेतात मेंढ्या बसवल्या की खतही तुम्हालाच मिळतं. माळाचे तीन भाग करा. एक भाग पावसाळाभर राखा, बी झडू द्या, मग चरायला मोकळा करा. पुढच्या वर्षी दुसरा भाग राखा. राखलेला भाग सोडून इतरत्र वैरण कापायची असेल तर फुलोऱ्यात कापा, तेव्हा ती पौष्टिक असते. बी पिकेपर्यंत थांबलात तर काड्या उरतात. बुडखा चार बोटं ठेवा. उघड्या पडलेल्या जागेसाठी पवन्याचं बी ऑक्टोबर-नोव्हेंबरात गोळा करून जूनमध्ये शेणमातीत कालवून टाका. ताजं बी बहुधा सुप्तावस्थेत असतं, त्यामुळे लगेच पेरण्यात अर्थ नाही.

शाळेतल्या मुलांना एक मीटरची चौकट करून द्या. दर सप्टेंबरात त्याच दहा जागी कोणती गवतं किती आहेत ते लिहू द्या. गावातल्या म्हाताऱ्या मेंढपाळाला सोबत न्या. गवतांची गावठी नावं त्यालाच ठाऊक असतात. ही यादी गावाच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीच्या लोकजैवविविधता नोंदवहीत चढवा आणि ग्रामसभेत ठरावाच्या वेळी पुढे ठेवा.